एका आढ्याखाली दोन मीटर

हिरड्याच्या वाडीत जाणाऱ्या माणसाला गोजरबाई दिसायच्या आधी ऐकू येते. भंडारदऱ्याच्या धरणामागून डोंगर चढत गेलं की बऱ्याच वेळाने पहिली कौलं दिसतात, आणि त्याच्याही आधी कुणाला तरी झापणारा एक खणखणीत आवाज कानावर पडतो. कधी तो भाताच्या रोपात घुसलेल्या शेळीसाठी असतो, कधी जीप भरल्याशिवाय न हलवणाऱ्या ड्रायव्हरसाठी, कधी थेट ढगांसाठी. आवाजाची मालकीण मात्र एवढीशी. अंगाने वाळकी, कपाळावर गोंदण, लुगड्याचा कासोटा घट्ट, आणि चाल अशी की बरोबरच्याला पळावं लागतं. तिची सत्तरी उलटली असं लोक म्हणतात. ती म्हणते, लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

अशा बोलक्या बाईने एका माणसाशी दहा-बारा वर्षं एक अक्षर बोलू नये, ही केवढी शिक्षा! बरं, तो माणूस परगावी असता तर गोष्ट वेगळी. तो राहत होता त्याच घरात, त्याच आढ्याखाली. ती होती तिची धाकटी जाऊ, चांगुणा.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले, चांगुणाच्या लेकी सासरी नांदायला लागल्या, आणि मागे राहिल्या या दोघी, सामाईक रेशनकार्ड आणि एक चूल. भांडण झालं ते रॉकेलवरून. तेव्हा वाडीत लाईट नव्हती. रेशनवर मिळणारं रॉकेल हाच काय तो उजेड, आणि एका संध्याकाळी तो भरलेला डबा घरात आडवा झालेला सापडला. चांगुणा म्हणाली, "बाई, तुमचाच पाय लागला आसंल." गोजरबाई म्हणाली, "तूच झाकन नीट लावलं न्हाईस." घरात एक मांजरही होतं, पण मांजराशी भांडून काही हाती लागत नाही, म्हणून त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. शब्दाला शब्द वाढला. माहेरापर्यंत गेला, मेलेल्या सासूपर्यंत गेला, आणि आठवड्याच्या आत घराच्या मधोमध कारवीचा कूड उभा राहिला. शेणामातीने लिंपला, दोन्ही अंगाला दोन चुली झाल्या. कारवी कमी पडली म्हणून कूड आढ्यापर्यंत काही पोचला नाही. माणसाच्या डोक्याच्या हातभर वर जाऊन थांबला, तो तसाच राहिला.

आता अगदीच न बोलता दोन बायकांचा संसार कसा चालणार? म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. घरात हरणी नावाची गाय होती. जे काही सांगायचं ते हरणीला सांगायचं. "हरणे, उद्या राजूरचा बाजार हाय, कुनाला मीठ पायजे आसंल तर पैसं दावनीपाशी ठेवावं." थोड्या वेळाने कुडापलीकडून उत्तर यायचं, "हरणे, मीठ हाय. मिर्ची संपलीया." ती गाय वाडीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहितगार असणार, पण तिने कधी इकडचं तिकडे केलं नाही.

वाडीला वाटायचं, गोजरबाई दगड आहे. तिच्या मनात काय होतं ते तिला एकटीलाच ठाऊक. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती. तिचे केस गोजरबाईने विंचरले होते, पहिल्या बाळंतपणात तिला आपल्या मांडीवर टेकवून रात्र काढली होती. स्वतःला मूल नाही, त्यामुळे जीव लावायला दुसरं होतं कोण? चांगुणाने एकदा, फक्त एकदा, गायीला न सांगता आपल्याला हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. आपण मात्र आधी बोलायचं नाही. आधी बोलेल ती हरली, हा कायदा दोघींनी न ठरवताच ठरवलेला होता. आणि गोजरबाई हरणाऱ्यातली नव्हती.

या सगळ्यात वाडीला लाईट यायची होती.

वाडीच्या कड्यावर उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी दिसतं. त्या पाण्यावर वीज होते, हे वाडीतल्या पोराटोराला माहीत. रात्री खाली हॉटेलांचे दिवे लुकलुकायचे, आणि वर माणसं चिमणीच्या उजेडात भाकरीचा करपलेला भाग कुठला नि भाजलेला कुठला ते चाचपत बसायची. "पानी आमच्या डोंगराचं आन उजेड दुसऱ्याला," असं गोजरबाई येईल त्या पुढाऱ्याला तोंडावर सुनवायची. मधे एकदा सरकारी सोलर दिवे आले. पहिले दोन पावसाळे बरे गेले, मग बॅटऱ्या बसल्या. त्या काळ्या काचा अजून आहेत. नाचणीचे पापड त्यांच्यावर झकास वाळतात.

मग एका वर्षी सरकारने ठरवलं की एकही घर बिनलाईटचं ठेवायचं नाही, आणि यादी करायला खालून माणसं आली. एक तरुण साहेब होता आणि बरोबर वायरमन. वायरमनचं नाव दानीएल भिंगारदिवे. नेवाशाकडचा, ख्रिस्ती, पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, आणि तरीही खांबावर माकडासारखा चढणारा. बदली होऊन अकोले तालुक्यात आला तेव्हा त्याने आधी डोंगर बघून कपाळाला हात लावला होता, म्हणतात. पण माणूस गोड. खांबाच्या टोकावर बसून उपासनेची गाणी म्हणायचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसांनी ठेका धरला की खूश व्हायचा.

"नाव काय म्हनालास?" गोजरबाईने विचारलं.

"भिंगारदिवे, मावशी."

"दिवे? आरं, आडनावातच दिवे घिऊन फिरतुयास, मंग इतकी वर्सं हुतास कुठं?"

दानीएलला हसू आवरेना. तेव्हापासून वाडीत त्याचं नाव दिवेबाबा पडलं, ते आजतागायत आहे.

साहेबाने घर बघितलं आणि म्हणाला, "आजी, हे एक घर ना?"

"घर एक. चुली दोन."

"म्हणजे कनेक्शन एक की दोन?"

"चुलीला इचार." गोजरबाईने उत्तर दिलं. कुडापलीकडून चांगुणा हरणीला म्हणाली, "हरणे, आमचं मीटर येगळं पायजे म्हनावं." इकडून लगेच गेलं, "हरणे, आमचं बी!" साहेब गायीकडे बघत राहिला. दानीएलने हळूच सांगितलं, "साहेब, आमच्या गावाकडं बी कुटुंब चुलीवरनंच मोजत्यात. दोन लिवा, न्हाईतर ही गाय बी आपल्याशी बोलंल." साहेब हसला आणि त्याने दोन लिहिले. एका आढ्याखाली दोन मीटर, असं ते वाडीतलं एकमेव घर झालं.

खांब वर आणणं हे लग्नाच्या वरातीपेक्षा मोठं काम होतं. गाडी अर्ध्या वाटेपर्यंतच यायची. तिथून वर सगळ्या वाडीने खांदा दिला. दोर बांधले, आडवे बांबू घातले, "हर हर महादेव" म्हणत पावलापावलाने खांब चढू लागले. गोजरबाई पुढे. वाटेतले धोंडे पायाने बाजूला सारत, दमलेल्याला शिव्या देत, खांबालाही शिव्या देत. चांगुणा कळशी घेऊन सगळ्यांना पाणी देत होती. गोजरबाईजवळ आली तेव्हा तिने तांब्या तिच्या हातात दिला नाही, शेजारच्या खडकावर ठेवला आणि पुढे गेली. गोजरबाईने चारी बाजूंना बघितलं, तांब्या उचलला आणि सगळा रिकामा केला. पाणी खडकाने दिलं, जावेने नव्हे, असं तिने मनाचं समाधान करून घेतलं. पण तांब्या गार होता, झऱ्यावरून मुद्दाम नव्याने भरून आणलेला, हे तिला कळल्याशिवाय राहिलं नाही.

विजेची डीपी बसली, तारा ओढल्या, आणि दानीएल घराघरात वायरिंग करत फिरला. गोजरबाईच्या घरी ओसरीच्या भिंतीवर दोन मीटर शेजारी शेजारी लागले. आत कुडाच्या इकडे एक बल्ब, तिकडे एक बल्ब. दानीएलची एक सवय होती. नव्या घरात पहिल्यांदा बटण दाबण्याआधी तो हात जोडायचा, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, शेवटी मोठ्याने "आमेन" म्हणायचा आणि मग बटण दाबायचा. इथे त्याने तसं दोनदा केलं, इकडे एकदा, तिकडे एकदा. दोघी जावा आपापल्या जागेवरून डोळ्यात तेल घालून बघत होत्या. बल्ब लागला, वाडीत आरडाओरडा झाला, पेढे नव्हते म्हणून गूळ वाटला गेला. दानीएल बटणं बंद करून खाली गेला.

संध्याकाळी दिवेलागण झाली. गोजरबाईने पदर डोक्यावरून घेतला, बल्बला हात जोडले आणि बटण दाबलं. काही नाही. बंद करून पुन्हा दाबलं. काही नाही. मग तिला आठवलं, तो शब्द राहिलाच की! तिने पुन्हा हात जोडले, डोळे मिटले आणि वाडी दणाणेल असं म्हणाली, "आमेन!"

घर उजळलं.

खरं म्हणजे त्या वेळी खाली सबस्टेशनात कुणीतरी चाचणीसाठी लाईन बंद करून ठेवली होती, ती नेमकी त्या क्षणी चालू केली. पण हे वाडीत कुणाला सांगणार? पलीकडे चांगुणाही अंधारात बटणाशी झटत होती. तिने जावेचा शब्द ऐकला, घर उजळलेलं बघितलं, आणि तिनेही घाईघाईने "आमेन" म्हणून आपलं बटण पुन्हा दाबलं. तिचाही बल्ब लागला. पुरावा पक्का झाला. त्या दिवसापासून त्या घरात आमेन म्हटल्याशिवाय बटणाला कुणी हात लावला नाही. रोज दिवेलागणीला इकडून एक आमेन, की तिकडून एक आमेन. एकमेकींशी बोलणं ते नव्हे, पण एवढ्या वर्षांत दोघींनी एकाच वेळी उच्चारलेला तो पहिला शब्द होता, आणि गोजरबाई संध्याकाळची वाट बघू लागली.

दानीएलला हे पुढे कळलं तेव्हा तो ओसरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "चालू द्या, मावशी," तो म्हणाला, "बिघडत काय न्हाई."

मीटरशी मात्र गोजरबाईचं जमलं नाही. त्यात एक लाल ठिपका उघडझाप करायचा. "हे मेलं माझ्याकडं बघून डोळं मारतंय," म्हणून तिने त्याला एक जुनं टोपडं घातलं. चांगुणाच्या बाळंतपणात तिनेच शिवलेलं, फडताळात तळाशी पडलेलं. ओसरीवरून जाताना चांगुणाला ते दिसलं. तिने ते नीट सरळ केलं आणि आत गेली.

आणि मग उजेडाची चोरी सुरू झाली. गोजरबाई काटकसरी. दिवेलागणीला बटण दाबायचं, देवाला हात जोडायचे, आणि थोड्या वेळाने आपला बल्ब बंद करून कुडावरून येणाऱ्या चांगुणाच्या उजेडात बसायचं. तांदूळ निवडायला तेवढा पुरायचा. आपण जावेला फसवतो आहोत, या विचाराने तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. चांगुणा एवढा वेळ बल्ब कशाला चालू ठेवते, हे काही तिच्या ध्यानात येत नव्हतं. "उधळी मेली," ती हरणीला सांगायची.

असेच काही उन्हाळे-पावसाळे गेले. वाडीत टीव्ही आले, मोबाईल आले, रेशनचं रॉकेल बंद झालं तरी कुणाची हाक ना बोंब. आणि गोजरबाईच्या बल्बला काहीतरी झालं.

आधी तिला वाटलं धूर बसला. फडक्याने पुसला. मग बल्बभोवती एक कडं दिसायला लागलं, चंद्राला खळं पडतं तसं. तिने दानीएलला फैलावर घेतलं. "कसला मिनमिन्या दिवा लावलास रं? पैल्यासारखा उजेड न्हाई." दानीएलने बल्ब बदलला. नवा बल्बही धुरकट. होल्डर बदलला, वायर तपासली. "मावशी, माझं तर डोळं दिपत्यात," तो म्हणाला. गोजरबाई आणखी ओरडणार होती, पण तिची नजर कुडावरून पलीकडे गेली. चांगुणाच्या बल्बभोवतीही तेच कडं होतं. दोन्ही बल्ब एकाच वेळी कसे बिघडतील?

तेव्हा तिला कळलं. बिघडलं होतं ते दुसरंच.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर आधी सांगायचं कुणाला? चांगुणाला. आणि चांगुणाला सांगायचं म्हणजे आधी बोलायचं. हरणीला सांगावं, तर हे गायीला सांगण्यासारखं नव्हतं. ती सवयीने चालायची, सवयीने सुया-भांडी शोधायची, ओरडण्याचा आवाज आणखी चढवायची, म्हणजे कुणाला शंका येणार नाही. पण आत कुठेतरी भीतीने घर केलं होतं. आज सकाळ झाली तशी उद्याही होईल ना, हा हिशेब ती रोज झोपताना करायची. बल्बचं ते अंधुक कडं दिसलं की तिला धीर यायचा. दिसतंय म्हणजे अजून आहे.

आषाढातली संध्याकाळ होती. पावसाने चार दिवस उसंत घेतली नव्हती. कौलांवर असा मार चालला होता की शेजारच्या घरात कुणी ओरडलं तरी ऐकू येऊ नये, आणि धुकं थेट दारातून आत शिरलेलं. दोघींची जेवणं उजेडातच झाली होती, चुली विझल्या होत्या. इकडून आमेन झालं, तिकडून आमेन झालं. त्या दिवशी का कोण जाणे, गोजरबाईने आपलाही बल्ब चालू ठेवला होता. सूप मांडीवर घेऊन ती तांदळातले खडे डोळ्यांऐवजी बोटांनी शोधत बसली होती.

आणि सगळं काळं झालं.

कडं गेलं. बल्ब गेला. हात गेला, सूप गेलं, कूड गेला. तिने डोळे मिटले, उघडले. मिटले काय नि उघडले काय, फरकच नाही. पूर्वीचा अंधार तिच्या ओळखीचा होता, त्यात चिमणी असायची, चुलीचा निखारा असायचा. नंतर कधी लाईट गेली तरी डोळे धड होते; डोळे अधू झाल्यावरचा असा अंधार तिने कधी बघितला नव्हता. लाईट गेली असेल, एक मन म्हणालं. आणि नसेल गेली तर? दुसऱ्याने विचारलं. पलीकडे बल्ब जळत असेल, चांगुणा बसली असेल उजेडात, आणि आपल्यालाच...

विचारायचं कुणाला? हरणीला सगळं विचारून झालं होतं या जन्मात, पण हे हरणी कसं सांगणार?

गोजरबाई आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. वाडीला ऐकू गेलं नाही, फक्त कुडाच्या पलीकडे गेलं.

"चांगुणे... लाईट गेली का माझं डोळं गेलं?"

पाऊस वाजत राहिला. तेवढ्या वेळात गोजरबाईला वाटलं, संपलं. मग कुडावरून मोठा आवाज आला.

"लाईट गेली, बाई! लाईट! डोळं हायत जागेवर. हलू नगासा, सूप सांडंल. आले मी, आले!"

कुडाला दार नव्हतं. चांगुणाला आपल्या दाराने बाहेर पडून, ओसरीवरून भिजत, जावेच्या दाराने आत यावं लागलं. तिच्या हातात देवापुढचं निरांजन होतं, वाऱ्याने विझलेलं. आत येऊन तिने काडी ओढली, वात लावली आणि निरांजन गोजरबाईच्या तोंडासमोर धरलं. गोजरबाईला पिवळा, थरथरता, कडं पडलेला उजेड दिसला, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"मंग रडताय कशापायी?"

"रडतंय कोन? आन ह्ये निरांजन किती वेळ पुरंल? चिमनी लाव की."

"चिमनी हाय बाई, पन रॉकेल कुठंय आता घरात?"

रॉकेल! तो शब्द दोघींच्या मधे येऊन पडला. इतकी वर्षं त्या घरात तो कुणी काढला नव्हता. मग आधी चांगुणाच्या तोंडून फसकन हसू फुटलं, आणि गोजरबाईने पदर तोंडात कोंबला, पण तिलाही आवरेना. सूप मांडीवरून कलंडलं, निवडलेला तांदूळ आणि खडे पुन्हा एक झाले, आणि दोघी हसत राहिल्या. हरणी गोठ्यातून हंबरली. तिला बहुतेक वाटलं, आपल्याला काहीतरी सांगताहेत.

हसणं ओसरल्यावर चांगुणाने विचारलं, "किती दिस झालं, नीट दिसत न्हाई?"

"कोन म्हनतं दिसत न्हाई?"

"बाई, परवा तुमी आपल्याच शेळीला कुत्रं समजून हाड हाड केलं. ओसरीवरनं बघितलं म्या, पान्याच्या तांब्यात हात घालून मीठ हुडकीत हुता. मला काय डोळं न्हाईत? आन पैल्यापास्नं तुमी आपलं बटन बंद करून माझ्या उजेडात बसता, ते कळत न्हाई व्हय? मी माझं बटन झोपंस्तवर कशापायी चालू ठेवत हुते? मला काय पोथी वाचायची हुती व्हय?"

ज्या उजेडाची आपण चोरी करत होतो, तो आपल्यासाठीच लावून ठेवलेला होता. एवढ्या मोठ्या चोरीत आपणच फसलो, हे तिला फार लागलं आणि फार बरंही वाटलं. तिने चाचपडत चांगुणाचा हात धरला. हात ओला होता. तो तिने पदराने पुसला आणि मग सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दानीएल रेनकोटात निथळत वाडीत पोचला. घाटात एक झाड तारांवर पडलं होतं, ते काढून तो वर आला होता. लाईट गेली की वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, हे त्याला इतक्या वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं, आणि गोजरबाईच्या दारावरून जायचं म्हणून तो आधीच मान खाली घालून चालला होता. तिने त्याला हाक मारून आत घेतलं, पाटावर बसवलं, नाचणीची गरम भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा पुढ्यात ठेवला. वाढत होती चांगुणा. दानीएलने आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, मग घास हातातच राहिला.

"मावशी, रात्रभर अंधार हुता, त्याचं..."

"त्याचं काय? दिवेबाबा, आदूनमदून घालवत जा लाईट. बरं आसतंय."

असा आशीर्वाद त्याला कोणत्याही गावात मिळाला नव्हता. तो पोटभर जेवला आणि सगळी हकीकत ऐकली. डोळ्यांचं ऐकलं तेव्हा मात्र हसायचा थांबला. संगमनेरला त्यांच्या चर्चमधे दर वर्षी डोळ्यांचं शिबिर भरायचं. "मोतीबिंदू आसंल, मावशी. घाबरू नका. काढत्यात आन दुसऱ्या दिशी घरी सोडत्यात," त्याने सांगितलं, आणि जाताना पुन्हा वळून तेच सांगितलं.

पाऊस कमी झाल्यावर दोघी निघाल्या. जीपने राजूर, तिथून एसटीने संगमनेर. वाटभर गोजरबाई बोलत होती. दहा-बारा वर्षांचं तुंबलेलं सगळं, कंडक्टरला मधे तिकीट विचारायलाही फट सापडेना. ऑपरेशनला नेलं तेव्हाच काय ती गप्प झाली, आणि टेबलावर झोपवल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बटन दाबायच्या आदी आमेन म्हना." डॉक्टरीणबाई त्याच चर्चच्या, एस्तेर नावाच्या. त्यांनी मनापासून म्हटलं.

पट्टी सोडली तेव्हा समोर चांगुणा उभी होती. गोजरबाई तिच्याकडे बघत राहिली. केस पांढरे, गालफडं बसलेली, डोळ्यांभोवती जाळी. तिच्या मनात चांगुणा होती ती कूड उभा राहिला त्या दिवसाची, काळ्याभोर अंबाड्याची. मधली सगळी वर्षं तिने तिला नीट बघितलंच नव्हतं, आधी मान फिरवून आणि मग डोळ्यांपायी.

"आगं चांगुणे," ती म्हणाली, "तू म्हातारी कवा झालीस?"

"तुमी बोलत नव्हता ना," चांगुणा म्हणाली, "तवाच झाले."

गोजरबाईने तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. नव्या डोळ्याने रडायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून ती ज्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं त्या डोळ्याने रडली, असं चांगुणा आजही सगळ्यांना सांगते.

आता त्या घरात चूल एकच आहे. कूड पाडायचं दोघी दर उन्हाळ्यात ठरवतात आणि दर उन्हाळ्यात राहून जातं. चांगुणाच्या जुन्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसते. एकदा दानीएलने विचारलं, "मावशी, चूल एक झाली, मंग एक मीटर काढून टाकू का?"

"काढायला काय झालं तुला?" गोजरबाई कडाडली. "उद्या रुसायचं झालं तर मी जाऊ कुठं?"

मीटर दोन्ही राहिले, एक टोपड्यासकट. रोज दिवेलागणीला दोन बटणं दाबली जातात, आमेन मात्र एकदाच होतं, दोघींचं मिळून.

पावसाळ्यात लाईट अजूनही जाते. डोंगर आहे, झाडं आहेत, वारा आहे, दानीएल तरी कुठे कुठे पुरा पडणार? लाईट गेली की वाडीत पोरं "गेली!" म्हणून ओरडतात आणि मग सगळे लगेच गप्प होतात, कारण पुढचं ऐकायचं असतं. गोजरबाईला आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं, पलीकडच्या डोंगरावरची शेळी कुणाची ते ती सांगते. तरी तिचा तो खणखणीत आवाज अंधारातून येतोच.

"चांगुणे! लाईट गेली का माझं डोळं गेलं?"

आणि कोपऱ्यातली काडेपेटी चाचपडत चांगुणा तितक्याच मोठ्याने सांगते, "लाईट गेली, बाई. मी हाय."